पावणे दहा

सोमशेखरला दोन स्थळांकडून नकार आला होता, आणि हे मंद्रूपचं तिसरं त्याला मनापासून आवडलं होतं. चंद्रिकाशी फोनवर बोलणं झाल्यापासून स्वारी हवेतच होती. आता तिच्या घरचे घर बघायला सोलापूरला येणार होते. त्यांना घेऊन यायला सोमूची आई सुंदरम्मा मंद्रूपला मुक्कामी गेली होती.

घरी राहिले सोमू आणि त्याचा प्रोग्रॅम. हा गडी कंपनीत दिवसभर तारखा अन् वेळाच सांभाळायचा. अमेरिकेचा महिना आधी, आपला दिवस आधी, लंडनचं घड्याळ मागं. त्याचा कोड सगळ्यांना सुतासारखं सरळ करायचा. आईचे लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकायचा कंटाळा आला, तर पठ्ठ्यानं त्यासाठीही प्रोग्रॅम लिहिला. आईचं बोलणं त्यानंच ऐकायचं, वेळ शोधायची आणि गजर लावायचा. सव्वा, दीड, अडीच, सगळं त्याला शिकवलेलं. जन्मदात्या आईचं ऐकायला मशीन लावणाऱ्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

संध्याकाळी सुंदरम्माचा मेसेज आला, "सोमू, उद्या सकाळी लवकर निघतोय बघ. पावणे दहा. उप्पीट करून ठेव." सोमूनं तो ऐकलाच नाही. प्रोग्रॅमनं दाखवलं, उप्पीट, सकाळी नऊ पंचेचाळीस. चंद्रिका आणि तिचे आईवडील येतील असं धरून त्यानं वाटीभर रवा काढला आणि निवांत झोपला.

आठ वाजता दारात जीप थांबली. सोमू टॉवेलवर, तोंडात ब्रश. आई पुढं, आणि मागं माणसं उतरतायत, उतरतायत, संपेचनात!

"अव्वा, पावणे दहा म्हणालीस की गं!"

"मग हितं पावणे किती दिसत्यात? मोज की!"

सोमूनं मोजले. दहा भरले. बिचाऱ्यानं तोंडातला फेस गिळला.

"पोरगं काय काम करतं म्हणालात?" चंद्रिकाच्या वडिलांनी, सिद्धाप्पांनी विचारलं.

"कंपनीत तारखा अन् वेळा बघतो," सुंदरम्माचा आवाज खाली गेला.

सिद्धाप्पांनी एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा टॉवेलकडं, आणि नुसतं "बरं" म्हणाले. असल्या 'बरं'नं भल्याभल्यांची लग्नं मोडलीत.

उप्पीट चमचाचमचा वाटणीला आलं. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती म्हणून अब्रू वाचली. चंद्रिकानं बाजूला गाठून विचारलं, तेव्हा सोमूनं सगळं खरं सांगून टाकलं.

"आईचं ऐकायला मशीन?" ती म्हणाली. "मग माझं काय ऐकणार तुमी?"

"परवा कळवतो," म्हणून सिद्धाप्पा जीपमध्ये बसले. जीप वळायच्या आत सोमूनं प्रोग्रॅम पुसून टाकला. मग दोन दिवस त्याला घास गिळवेना. पोरगी हातची गेली, तीही आपल्याच शहाणपणानं!

परवाचा दिवस उजाडला आणि चंद्रिकाचा मेसेज आला. सोमूनं स्वतःच्या कानांनी दोनदा ऐकला, "उद्या येतोय आमी. पावणे दोन." लगेच फोन लावला.

"अहो, पावणे दोन म्हणजे वाजता, का माणसं?"

ती खळखळून हसली. "वाजता! तुमी खरं सांगितलं ते बाबांना पटलं. माणसं तीच, धाच्या धा. पण आता त्यांना पावणे म्हणायचं न्हाई. घरचीच हायत की."

फोन ठेवून सोमूनं आत हाक मारली, "अव्वा, रव्याचा मोठा डबा कुटं ठेवलायस?"