सुकतीची पेनी

महादू मेतर बोटीवरची नोकरी संपवून कायमचा तोंडवलीला आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत काय असेल याची वाडीतल्या लोकांना फार उत्सुकता होती. बोटीवर जाणारे परत येताना टेपरेकॉर्डर आणत, गुबगुबीत ब्लँकेटं आणत. महादूने तर सत्तावीस वर्षं इंग्रजांच्या मालवाहू बोटींवर स्वयंपाक केलेला. ट्रंक उघडली. वर चार शर्ट, खाली एक लोकरीचा कोट आणि तळाशी बिस्किटांचे चार मोठे पत्र्याचे डबे. डब्यांत बिस्किटं नव्हती. इंग्लंडच्या जुन्या पेन्या होत्या. रुपयापेक्षा मोठ्या, जड, काळपट पडलेल्या. शेकड्यांनी.

"ह्येंचा काय करूचा?" त्याच्या बायकोने, सुगंधाने विचारलं.

"बघूचां," महादू म्हणाला.

हे अठ्ठ्याण्णव साली झालं. सुगंधा मालवणच्या बाजारात मासे विकायची. नवरा वर्षाचे दोन महिने घरी आणि दहा महिने पाण्यावर, असा तिचा संसार. मुलीला, रूपालीला तिने जवळजवळ एकटीनेच वाढवलं, शिकवलं. आता रूपाली कुडाळला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती आणि शनिवारी घरी यायची. नवरा कायमचा घरी आला म्हणून सुगंधाला बरं वाटलं होतंच, पण तो रोज दुपारी पडवीत बसून त्या पेन्यांत डोकं घालायचा. एका डोळ्याला भिंग लावायचा, कव्हर फाटलेल्या एका इंग्रजी पुस्तकात बघायचा आणि पेनी या डब्यातून त्या डब्यात टाकायचा. ती पलीकडे मासे साफ करत असायची. तो इंग्लंडमधल्या हल बंदराबाहेरच्या एका भंगारवाल्याकडून वजनावर पेन्या विकत घ्यायचा, एवढंच तिला ठाऊक होतं.

एकदा त्याने तिला मुद्दाम हाक मारून एक पेनी दाखवली. राजाचं तोंड अर्धं कडेबाहेर गेलेलं.

"टांकसाळीतली चूक," तो कौतुकाने म्हणाला. "छाप सरकलो. अशी शंभरात नाय, लाखात एक गावता. हिका जास्ती पैशे."

"आमच्या धंद्यात चूक झाली तर माल फुकट जाता," सुगंधा म्हणाली. "तुमचो धंदो बरो आसा."

दोन हजार एकच्या पावसाळ्यात महादूच्या डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निघालं. कुडाळच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणून सांगितलं. तोवर भिंगातूनही त्याला नाण्यावरचं साल वाचता येईना. दोन दिवस तो डबे घेऊन नुसता बसला, बोटांनी नाणी चाचपत. तिसऱ्या दिवशी सुगंधाला ते बघवेना. श्रावण होता, होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांखाली ठेवलेल्या, बाजारात सुक्या मासळीशिवाय काही नव्हतं. तिला वेळ होता. तिने पाट ओढला आणि त्याच्यासमोर बसली.

"हाडा हंय. काय बघूचा ता सांगा."

सुगंधा चौथी शिकलेली. इंग्रजी आकडे तिला टेलिफोनमुळे येत होते. ती साल वाचायची आणि महादू कुठल्या डब्यात टाकायचं ते सांगायचा. प्रत्येक पेनीच्या एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ आणि बाजूला ढाल घेऊन समुद्राकाठी बसलेली एक बाई. तिचं नाव ब्रिटानिया, महादूने सांगितलं. सुगंधाला ते जड गेलं. ती तिला नुसतं 'बाय' म्हणू लागली.

चौथ्या की पाचव्या दिवशी एकोणीसशे दोन सालच्या पेन्या निघाल्या. अकरा होत्या. महादू म्हणाला, "ती खूप आसत. त्येंचा काय नाय. टाक डब्यात."

सुगंधाने दहा टाकल्या. अकरावी तिने हातात धरून ठेवली. मग डब्यातली एक परत काढली आणि दोन्ही पडवीच्या कडेला उजेडात नेल्या.

"काय झाला?" महादूने विचारलं.

"ह्या बायच्या पाठलां पाणी उतारलां हा."

"सगळ्या पेन्यांर बाय तीच आसा गो. पाणीय ताच."

"ताच कसा? दहांर भरती आसा. ही सुकतीची."

महादू हसला. "टांकसाळीत सुकती खंयसून इली?"

पण सुगंधा हसली नाही. तिने त्याचा हात धरून त्याचं नख नाण्यावर टेकवलं. "हंय तिचे पाय येकावर येक इलेहत. ह्या दहांर पाण्याची रेघ त्या जागेच्या वर लागता. ह्या येकावर खाली, पायांच्या अढीकडेन. तुमका दिसना नाय म्हणान माका खोटां पाडू नकात."

महादूचं हसू थांबलं. त्याने पुस्तक उघडायला लावलं. पुस्तक जुनं होतं, त्यात एकोणीसशे दोनच्या पेनीबद्दल फक्त एक ओळ होती आणि पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. शनिवारी रूपाली आली तेव्हा त्याने दोन्ही पेन्या कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत घालून तिच्याकडे दिल्या. क्लासमध्ये स्कॅनर होता, इंटरनेट होतं.

पुढच्या शनिवारी रूपाली बसमधून उतरली ती तरातरा चालतच घरी आली.

"आई, तू म्हणतंस तसांच आसा. इंग्लंडातल्या माणसांनी ह्या पेनीक नावच दिलांहा. लो टाइड."

"म्हणजे काय ता?"

"सुकती."

 सुगंधाने उठून चुलीवर चहाचं आधण ठेवलं. पण महादूला तिच्या पाठीवरूनसुद्धा ती खूष असल्याचं कळलं.

त्या पेनीला गिऱ्हाईक असतं, संगणकावर इंग्लंडच्या एका साइटवर असली नाणी विकतात, असंही रूपालीने सांगितलं. विकायचं महादूच्याच मनात आलं. डोळे असे झाल्यापासून, आपल्यामागे या डब्यांचं काय होणार हा विचार त्याला छळत होता. एक विकून तर बघू, तो म्हणाला. त्यासाठी नाण्याची प्रत लिहावी लागते. झिजलेलं पण नीट दिसणारं ते फाईन, त्याहून चांगलं व्हेरी फाईन, असं चढत जातं.

"व्हेरी फाईन लिही," महादूने रूपालीला सांगितलं.

सुगंधाने पेनी उलटी करून राजाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. "ह्येच्या कानावरचे केस खंय आसत?"

"केस आसत थोडे."

"थोडे आसत तर थोडेच लिवा. काल आणलेली सुरमई मी आजची म्हणान कधी विकलंय नाय."

महादू जरा रागावला. सत्तावीस वर्षं तो नाणी बघत होता. पण रूपालीने आईकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि 'फाईन' लिहिलं. आठ दिवसांत लीड्स गावच्या व्हिटेकर नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने ती अठरा पौंडांना घेतली. त्याचा ड्राफ्ट आला, रूपालीने कुडाळहून रजिस्टरने पेनी पाठवली.

तीन आठवड्यांनी व्हिटेकरांचं ईमेल आलं. रूपालीने ते छापून घरी आणलं आणि वाचून दाखवलं. भाषा सभ्य होती, पण अर्थ सरळ होता. आपल्याला मिळालेली पेनी साधी आहे, लो टाइड नाही. जाहिरातीतल्या फोटोत दिसते ती वेगळी. आपण याचा काय अर्थ घ्यायचा?

रूपालीचा चेहरा उतरला. "स्कॅन केल्यार पाकिटां बदलली माझ्याकडसून," ती म्हणाली.

महादूने तिला बोल लावला नाही, पण त्या रात्री तो जेवला नाही. बोटीवर कॅप्टनपासून खलाशापर्यंत सगळे त्याच्या हातचं खात. मांस कमी पडलं, पीठ सांडलं, असा एकही बोल त्याने कधी ऐकला नव्हता. आता लीड्समध्ये कोणीतरी माणूस आपल्याला लबाड समजतोय, हे त्याला सहन होईना.

सकाळी सुगंधाने दुसरं पाकीट उघडून पेनी उन्हात धरली. "सुकती हंय आसा. हीच ती. रूपाली, उद्याच धाड."

"आई, आदी त्येंका पयली परत धाडूक सांगूया. नायतर दोन्ही जातली."

"गिऱ्हाइकाच्या पिशवीत कुजको मासो गेलो तर मी तेका आदी घेवन ये म्हणान सांगणंय नाय. चांगलो मासो घेवन तेच्या दारात जातंय." मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "तुमी चिठी लिवा. तुमचा इंग्रजी बरां आसा. काय झालां ता सरळ लिवा. आणि जेवा."

महादूने लिहिलं. डोळे बारीक करून, मोठ्या अक्षरांत, दीड पान. मुलीच्या हातून पाकिटं बदलली, तिची चूक ती माझी चूक, पहिली पेनी परत पाठवायची गरज नाही. शेवटी त्याला वाटलं, आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे खरं होणार नाही. त्याने लिहिलं की पाण्याची रेघ मी ओळखली नव्हती, माझ्या बायकोने ओळखली. ती मासे विकते.

नारळी पौर्णिमा होऊन बराच काळ झाला होता, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या होत्या आणि सुगंधा रोज बाजारात बसू लागली होती, तेव्हा व्हिटेकरांचं उत्तर आलं. ईमेल नव्हे, पोस्टाने पत्र, निळ्या शाईत. पेनी पोचली होती. पहिलीही त्यांनी ठेवून घेतली होती आणि तिची किंमत दोन पौंड, पण दोन पौंडांची नोट नसते म्हणून पाच पौंडांची घातली होती. पेनी सांगितली त्याहून बरी आहे, असंही लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं: मी चाळीस वर्षं पेन्या जमवतो. मला हा फरक कोणीतरी पुस्तकात दाखवला तेव्हा दिसला. तुमच्या पत्नीला तो न सांगता कसा दिसला, हे त्या मला कळवतील का?

महादूने रूपालीकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. मग सुगंधाला विचारलं, "काय लिवू?"

सुगंधा पावलं धुवत होती. तिने तांब्या खाली ठेवला. तिला असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"लिवा," ती म्हणाली, "किनाऱ्यार जावन उभ्या रवल्यार आदी पाणी बघूचा लागता. माणसां मगे. पाणी खंय आसा ता कळला की होडी कधी लागतली ता कळता. तुमी सगळे त्या बायकडे बघत रवलास. मी पाण्याकडे बघलंय."

महादूने ते जसंच्या तसं इंग्रजीत करायचा प्रयत्न केला. दोन कागद फाडले. तिसरा पाठवला.

दिवाळीनंतर डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभराने दुसऱ्या डोळ्याचं. पट्टी निघाली तेव्हा महादूला कुडाळच्या स्टँडवरच्या पाट्या लांबूनच वाचता आल्या आणि घरी येईपर्यंत तो वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. सुगंधा बसच्या खिडकीपाशी बसून ऐकत होती.

डबे पुन्हा पडवीत आले. महादू भिंग लावून बसला. सुगंधा दोनच्या बसने बाजारातून यायची, जेवायची आणि जरा पडायची. तिला वाटलं, आता त्याला आपली गरज नाही, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. फक्त दुपार थोडी लांब वाटायला लागली. असे पंधरा दिवस गेले.

एका दुपारी पडवीतून हाक आली. "सुगंधा, वायच ये गो."

ती आली. "आता तुमका दिसता मां?"

"दिसता."

"मगे?"

महादूने भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. "सांगूक कोण नाय. येकट्यान बघून काय करूचा?"

सुगंधाने पाट ओढला. त्याने डब्यातून मूठभर पेन्या तिच्या पदरात ओतल्या. पहिलीच हाती लागली तिच्यावर डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक म्हातारी होती, तोंड मिटलेली.

"ही कोण?"

"राणी. व्हिक्टोरिया."

"इतकी रुसान कित्याक बसलीहा?"

"घोव मेलो तिचो. चाळीस वर्षां ती तशीच रवली."

सुगंधाने पेनी जवळ घेऊन नीट बघितली. मग म्हणाली, "वाटलांच माका. तुमी सांगा पुढे. हलच्या त्या भंगारवाल्यान ही कितीक दिली?"

महादू सांगू लागला. त्या भंगारवाल्याला एकच हात होता, तिथून सुरुवात झाली. बाहेर बर्फ पडत असताना तो महादूला आत बोलावून चहा द्यायचा, दुधाशिवायचा, आणि महादू त्याला बोटीवरची डाळ डब्यात भरून नेऊन द्यायचा. सुगंधाने मधेच विचारलं, तेका डाळ आवडायची? आवडायची, महादू म्हणाला, पण तिखट लागायची, डोळ्यांतून पाणी यायचं बिचाऱ्याच्या. दोघं हसली. पेन्या पदरातच राहिल्या. त्या दुपारी एकही डब्यात गेली नाही.