अखाजीला सांगितलेलं खरं

आमडखेड्याच्या तळ्याकाठी बंगले उठणार ही बातमी होळीच्या सुमारास गावात आली, आणि तेव्हापासून पारावर दुसरा विषय निघेना. साल छत्तीस. धुळ्याचे रुपचंद शेठ, कापसाच्या जिनिंगचे मालक, एकदा मोटारीतून इकडून गेले आणि त्यांना तळ्याची हवा पसंत पडली. शहरातल्या वकील-डॉक्टरांनी उन्हाळ्यात येऊन राहावं असे दहा-बारा बंगले, भोवती तारेचं कुंपण, पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या, असा त्यांचा बेत होता. माणूस हवा खायला पैसे मोजतो हे ऐकून गावातले म्हातारे आधी पोट धरधरून हसले. मग कुंपण म्हणजे काय ते ध्यानात आलं आणि हसणं थांबलं.

तळ्याचा काठ म्हणायला पाच-सहा जणांच्या मालकीचा होता. पण ती मालकी चावडीतल्या कागदावर. एरवी तिथून गुरं पाण्यावर जात, बाया धुणी धूत, पाणी आटलं की उघड्या पडलेल्या गाळात ज्याला जमेल तो काकडीचे वेल लावी. आजवर कुणी कुणाला हटकलं नव्हतं.

पारावर रोज तोफा डागल्या जात. हिलाल अमळनेरला सात इयत्ता शिकून आलेला, त्यामुळे त्याला गावाची प्रगती झाल्यावाचून राहवत नसे. तो म्हणे, "सडक व्हई, मोटारी येतीन, आपला पोरेसले काम भेटी. तळाव काय ते बांधीसन ली जातीन का?"

"आनि ढोरे पानीवर कसा जातीन?" अभिमन आबा विचारत. "तुना शेठना जिनावरथून?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद मिटत नव्हता. शेवटी तो मिटवला सुपडू नानांनी. नाना गावातलं वजनदार माणूस, शांत, दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारं. शिवाय काठाच्या मधोमध त्यांचंच वावर, गुरं उतरायचा उतारही त्यांच्याच वावरातला. ते ज्या बाजूला झुकतील ती बाजू जिंकणार हे हिलालही जाणून होता. नानांनी काठाच्या सगळ्या मालकांना खंडेरावाच्या देवळात नेलं, प्रत्येकाच्या हातात शपथेचा बेलभंडार दिला आणि सर्वांत आधी स्वतः उचलला. काठ कोणी विकायचा नाही. विकेल त्याला गावानं वाळीत टाकावं, त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. हिलालनं हात टेकले, आणि गाव निर्धास्त झोपलं.

धुरपदाबाई मात्र निर्धास्त नव्हती, आणि त्याला कारण होतं.

धुरपदाबाई ही जीवरामची बायको, म्हणजे नानांची चुलतसून. तिचे वेल नानांच्या वावराखालीच गाळात होते. चैत्र सरत आला होता. एके दिवशी उन्हं चढायच्या आत ती तिथं बसून काकड्या तोडत होती. वरच्या बाजूला नाना आणि रुपचंद शेठ येऊन उभे राहिले. वेलांच्या पाल्यात वाकलेली बाई त्यांना दिसली नाही, आणि चुलतसासऱ्यासमोर उभं राहायला नको म्हणून तीही आणखी खाली वाकली. शेठनं नारळ पुढे केला. नानांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि उपरण्यात गुंडाळला.

"सौदा पक्का," नाना म्हणाले. गावाबाहेरच्या माणसाशी ते शुद्ध बोलत. "पण अखाजी होऊ द्या. बाया गौराई घेऊन इथंच येतात, आधी कळलं तर गाव मला जगू देणार नाही. अखाजी झाली की धुळ्याला येऊन कागद करून देतो. एकदा कागद झाला की कोण काय करतो!"

धुरपदाबाई टोपली तिथंच टाकून घरी आली. बेलभंडार उचललेल्या हातानं नारळ घेतला, हेच तिला पचत नव्हतं. जीवराम न्याहारीला बसला होता. भाकर थापता थापता तिनं त्याला सगळं सांगितलं, नारळासकट, उपरण्यासकट.

जीवराम वाईट माणूस नव्हता. फक्त नानांच्या बाबतीत त्याच्या डोक्याला कुलूप होतं. बाप गेल्यावर नानांनीच त्याला वाढवलं होतं. "नारय दिन्हा व्हई देवले," तो म्हणाला. "तुनी काय ऐकं नि काय समजनी! नानानं नाव परत काढू नको."

"मी मना डोयासघाई दखं."

"तू दखं, आनखी कोन्ही दखं का?"

कोणी पाहिलं नव्हतं. जीवराम हात धुऊन वावरात गेला. पारावर बाईमाणसानं बोलायची रीत नव्हती, आणि तिच्या वतीनं बोलायचा तो माणूस तर कानावर हात ठेवून बसलेला. शेजारच्या तानुबाईला सांगावं, तर तिचा नवरा नानांकडे सालदार होता. दिवस जात होते आणि धुरपदाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. कागद झाला की काठ गेला, हे तिला कळत होतं. अडवायचं तर आत्ताच, आणि अडवू शकणारी सगळी माणसं नानांच्या ओसरीवर बसून तमाखू मळत होती.

आणि मग तिला अखाजी आठवली.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर वरझडी गाव. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया गौराई बोळवायला आपापल्या काठावर येत आणि पाण्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना गाण्यातून मनसोक्त शिव्या देत. वैशाखात पाणी आटून तळं अरुंद झालेलं असे, त्यामुळे शब्द न शब्द पोचे. पुरुष बांधावर बसून ऐकत. त्या दिवशी बाईच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही, ती सासऱ्याचं नाव घेवो की पाटलाचं. ज्याचं नाव निघेल त्यानं रागवायचं नाही, उलट गूळ वाटायचा. आणि आमडखेड्यात शिव्यांचं गाणं रचावं तर धुरपदाबाईनंच. तिच्या एका ओळीनं वरझडीची माणसं वर्षभर चिडवली गेली होती.

त्या दिवशी आपल्याला कोणी गप्प करू शकत नाही, एवढं तिनं बरोबर हेरलं. रीतीचा तेवढाच भाग तिनं धरला आणि उरलेला तिच्या लक्षातच आला नाही. वर्षानुवर्षं गळा साफ करून त्याच काठावर उभ्या राहणाऱ्या बाईकडून ही चूक व्हावी, याचं तिला पुढे जन्मभर आश्चर्य वाटलं.

अखाजी आली. माहेरवाशिणींचे झोके खेळून झाले, सांजोऱ्या संपल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलताना बाया डोक्यावर गौराई घेऊन काठावर जमल्या. बांधावर सगळं गाव बसलं होतं. मधोमध सुपडू नाना होते. वरझडीच्या बायांनी सुरुवात केली, तानुबाईनं त्यांना उत्तर दिलं, आणि मग सगळ्यांनी धुरपदाबाईला पुढे ढकललं. ती पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. ती बांधाकडे बघून म्हणाली:

"सुपडू नानानी बेल उचला,
उपरनामा नारय लपाडा वं माय!
खंडेरावले हात जोडा,
शेठले तळाव इकी टाका वं माय!"

क्षणभर सगळे गप्प झाले. त्या क्षणी धुरपदाबाईला वाटलं, जमलं. तिला एवढं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग बांधावरून पहिला हशा फुटला आणि बघता बघता सगळा बांध हसायला लागला. स्वतःच्याच गावाला शिवी! आणि तीही सुपडू नानांना! ज्या माणसानं बेलभंडार उचलायला लावला त्यालाच! याच्याइतकी आचरट शिवी दोन्ही गावांत कुणी ऐकली नव्हती. पलीकडून वरझडीच्या बायांनीसुद्धा हार मानून टाळ्या पिटल्या. हिलाल तर हसता हसता आडवा झाला.

नानांचा चेहरा उतरला होता, पण तो फक्त तिलाच दिसला. इतरांनी वळून पाहिलं तोवर नाना सर्वांहून मोठ्यानं हसत होते. त्यांनी घरून गुळाची ढेप मागवली, फोडली आणि स्वतःच्या हातानं वाटली. धुरपदाबाईसमोर आले तेव्हा तिनं पदर ओढून घेतला. त्यांनी तिच्या हातावर गुळाचा सर्वांत मोठा खडा ठेवला.

"सूनबाई, भलतं झ्याक गानं म्हनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती रीत मोडून पारावर गेली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, पण आवाज स्पष्ट. "काल म्हनं ते गानं नव्हतं. ते खरं शे. नानानी काठ इकी टाका."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि हिलाल म्हणाला, "वहिनी, अखाजी सरी गई!" पुन्हा हशा पिकला. अभिमन आबा तेवढे हसले नाहीत. "पोरी, घर जाय," ते म्हणाले. "थट्टा एक दिननीच बरी." जीवरामनं मान खाली घालून तिला घरी आणलं. ती संतापानं रडत होती.

त्याच आठवड्यात नाना धुळ्याला जाऊन कागद करून आले. पाठोपाठ शेठची माणसं खुंट्या आणि तार घेऊन उतरली, आणि गुरांचा उतार बंद झाला. गाव नानांच्या दारात गोळा झालं. आता त्यांना वाळीत टाकणार, यात कुणाला शंका नव्हती. नाना ओसरीवर आले. डोळ्यांत पाणी आणायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"मनमा नव्हतं मना," ते म्हणाले. "गौराईसमोर सूननी तोंडमाईन निंघनं. देवीसमोरला शब्द खाली पडू देऊ का मी? तो खरा कराले मीच सापडनू."

नानांना वाळीत टाकणं गावाला जड जात होतंच. अर्ध्या गावाच्या हातात नानांचं उधारीचं बियाणं होतं. हे कारण मिळाल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. देवीपुढे अभद्र बोलली धुरपदा, तिथं नाना तरी काय करणार? बाया तिला बघून पोरांना जवळ ओढू लागल्या. आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच बाया एकेक करून मागच्या दारानं यायला लागल्या. तानुबाई पहिली. तू म्हटलेलं खरं झालं ना, मग आता शेठ बुडेल असं गाणं म्हण, कुंपण पडेल असं म्हण, तुझ्या पाया पडते. तिनं सगळ्यांना हात हलवत परत पाठवलं. तोंड उघडलं तर काय निघेल याचा तिला भरवसा नव्हता.

शेवटी जीवरामच येऊन बसला. गुरं आता कोसभर वळसा घालून पाण्यावर न्यावी लागत, त्यानं तो वाळला होता. बराच वेळ त्यानं चुलीतली लाकडं उगाच मागंपुढं केली.

"तू म्हनशी तं व्हई," तो हळूच म्हणाला. "एकडाव म्हनी दख. गाव बठ्ठं म्हनस, तू म्हनं की खरं व्हस."

धुरपदाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. मग त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"गावले मी गानं म्हनं," ती म्हणाली. "तुले गानं नव्हतं म्हनं. तुले आठेच, चुलापाशी बशीसन, सांगेल व्हतं."

जीवराम न जेवताच उठला. बाहेर जाऊन त्यानं गुरं सोडली आणि वळशाच्या वाटेनं हाकलली.