माझी कोरी राहिलेली पानं

मी मुरारच्या एका इस्पितळातली, तीन नंबर वॉर्डाची वही बोलतेय. बाड्यावरच्या, म्हणजे भर बाजारातल्या, दुकानातून आले तेव्हा माझा पुठ्ठा निळाशार होता. आता त्याचे कोपरे झिजलेत.

माझ्यात लिहायच्या शामलाताई, वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. कुणाला कोणतं औषध किती वाजता दिलं, ते लाल पेनाने, ठसठशीत अक्षरात. ते अक्षर अंगावर उमटलं की मला धन्य वाटे.

मग चाकांच्या टेबलावर बसून कॉम्प्युटर आला. औषध दिलं की नोंद तिथेच, पेशंटच्या उशाशी करायची, असं ठरलं. पण शामलाताईंना एका बोटाने अक्षरं शोधावी लागत. त्या आधी माझ्यात लिहीत आणि दोन वाजता, ड्यूटी संपताना, सगळं एकदम कॉम्प्युटरमध्ये भरत. मी मनातून खूश होते.

एका दुपारी त्यांनी दिनकरराव मास्तरांना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं, माझ्यात लिहिलं, मला मिटलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मास्तरांचा डोळा लागला. तेवढ्यात नवी सिस्टर गरिमा आली. स्क्रीनवर इन्सुलिनची जागा रिकामी दिसली, म्हणून तिने सुई भरली, मास्तरांचा दंड पुसला.

मी टेबलावर मिटलेली. सगळं माझ्या पोटात होतं, पण बोलणार कशी?

"अगं थांब! दिलंय मी!" शामलाताई धावत आल्या.

गरिमाने सुई खाली ठेवली. "ताई, स्क्रीन पे तो कुछ नहीं था! दुसऱ्यांदा दिलं असतं तर..."

शामलाताई मटकन स्टुलावर बसल्या. "चूक तुझी नाही गं. मला लाज वाटते. एकेक अक्षर शोधत बसते, अख्खा वॉर्ड बघतो."

"बघू देत. मी शेजारी उभी राहते. पण बटन तुम्हीच दाबायचं."

त्या एका नोंदीला चार मिनिटं लागली. मास्तर जागे होऊन बघत होते. "सिस्टर, याहून सावकाश लिहिणारी पोरं मी पास केलीत."

शामलाताई हसल्या, आणि पदराने डोळे पुसले.

महिना झाला त्याला. परवा सवयीने त्यांनी मला उघडलं, लाल पेन टेकवलं. एक ठिपका उमटला. मग पेन एप्रनच्या खिशात ठेवून त्या चाकांचं टेबल ढकलत पेशंटकडे गेल्या.

तो ठिपका माझी शेवटची नोंद. आता मी कपाटात असते. माझ्या कोऱ्या पानांसाठी हळहळू नका. पण एखादी सिस्टर घाबरून पुन्हा माझ्याकडे वळली, तर मला तिच्या हातून काढून घ्या, आणि चार मिनिटं तिच्याशेजारी उभे राहा.