लल्ला तामूचं शिसं

भूतबाधा उतरवणाऱ्या लल्ला तामूच्या अंगणात बायकांची झुंबड उडाली होती. तिनं वितळलेलं शिसं उंचावरून थंडगार पाण्यात ओतलं. चर्र आवाज झाला. गोठलेला गोळा तिनं उचलून दाखवला.

"बघा, काटेच काटे! मांजराच्या रूपातला जिन्न पोरीच्या पोटावर टपलाय!"

हनियानं पोटावर हात धरला. तिला पाचवा महिना होता आणि आधीची दोन मुलं पोटातच गेली होती.

लल्लानं काहीबाही पुटपुटत दुसऱ्या घंगाळात शिसं ओतलं. गुळगुळीत चकती निघाली.

"पळाला मेला! आता घरातलं मांजर हाकला. आणि ईदच्या मेंढ्याची कलेजी निखाऱ्याला नुसती दाखवून खायची. शिजवलीत की बळ गेलं!"

"पण डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या जंतूसाठी दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलंय," हनिया चाचरली.

"पहिली तपासणी निगेटिव्ह आली ना? मी बांधलेल्या ताइताचा गुण तो! परत कशाला सुया टोचून घेतेस?"

सासूनं, यामनानं, मान डोलावली. झालं! मांजर गेलं आणि कच्ची कलेजी ताटात आली. ईदची संपली तेव्हा खाटकाकडून ताजी आली.

काही आठवड्यांनी हनियाच्या मानेत गाठी आल्या. डॉक्टर विदादनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"त्याच जंतूची नवी लागण आहे. निगेटिव्ह म्हणजे या जंतूशी लढायची तुझ्या अंगाची तयारीच नव्हती गं! म्हणून तर दर महिन्याला बोलावत होते. मांजराच्या विष्ठेतून येतो, तसा तो कच्च्या मांसातूनही येतो."

"पण चकती आम्ही डोळ्यांनी पाहिली!" यामना हटेना.

"चला, मलाही बघू दे."

लल्लाच्या अंगणात पोचताच विदादनी हनियाला शिशाच्या धुरापासून लांब, दाराबाहेर थांबवलं. लल्ला एका बाईसाठी दुसऱ्यांदा शिसं ओतणार, तोच त्या म्हणाल्या, "यामनाबाई, आधी त्या दुसऱ्या घंगाळात हात घाला."

"अगं बाई! हे तर गरम आहे!"

"थंड पाण्यात उंचावरून ओतलं की काटे. गरम पाण्यात जवळून, हळूच ओतलं की चकती. मंत्र नसला तरी हेच होतं."

"हिच्याच अंगात जिन्न शिरलाय!" लल्ला किंचाळली. पण कुणी तिच्याकडे बघेना.

यामना धावत दाराशी आली. "मीच भरवलं गं तुला माझ्या हातानं!"

"बाळाला लागलं असेल का?" हनियानं विचारलं.

"आज नाही सांगता येत. औषध आत्ताच सुरू करू, तपासत राहू," विदाद म्हणाल्या.

हनिया रांगेतल्या बायकांकडे वळली. "माझं बघा आणि शहाण्या व्हा गं! मांस शिजवून खा, रक्त तपासून घ्या. समोर कुणी चमत्कार केला, तर आधी पाण्यात हात घालून बघा."

तेवढ्यात बाळानं लाथ मारली. एरवी ती हरखून जायची. आज ती घाबरली.