पंधरा मिनिटं पुढे

चिंतामणी सरांच्या घरातली झाडून सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढे असत. आलेल्या पाहुण्याची त्रेधा उडायची, पण सर आणि त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई, दोघांनाही मनातल्या मनात वजाबाकी करायची सवय झाली होती. त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी आजारी वडिलांना भेटायला निघालेल्या बाईंची वरंधची एसटी महाड स्टँडवर डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या गाडीनं माहेरी पोचल्या, तोवर वडिलांना स्मशानात नेलं होतं. आई, आनंदीबाई, चारचौघांत बोलली, "बापासाठी लवकर निघायला झालं नाय तुला." त्यानंतर येणंजाणं चालू राहिलं, सणावारी साडीचोळीही होत राहिली, पण त्या दिवसाबद्दल मायलेकी चकार शब्द बोलल्या नाहीत. अकरा वर्षं! धन्य त्या दोघींची.

यंदा बाईंना टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमात बोलावणं आलं. त्यांनी नारळाच्या रसातले घावन केले आणि शेवटी आईला सांगायचं ते कॅमेऱ्याला सांगून टाकलं. "तिच्या तोंडावर जीभ रेटत नाही हो. टीव्हीतून ऐकेल," त्या म्हणाल्या. कार्यक्रम दाखवतील त्या दिवशी आईला महाडला आणायचं ठरलं, पण त्याआधीच नेमकी आनंदीबाई पडवीत घसरली, खुबा मोडला, आणि बाई महिनाभर तिच्या उशाशी वरंधला. तिथे केबल कुठली? पांडूचा, म्हणजे बाईंच्या भावाचा, सीडी प्लेअर तेवढा होता. म्हणून कार्यक्रम महाडच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि सीडी घेऊन जायचं, ही कामगिरी सरांवर आली.

कॉम्प्युटर क्लासवाली नीला सरांची जुनी विद्यार्थिनी. तिनं टीव्हीचं कार्ड बसवून दिलं आणि तीन सॉफ्टवेअर पुढ्यात ठेवली. "सर, तुम्हीच निवडा."

पहिल्यात चित्र झकास, पण बटण आपल्या हातानं दाबायचं. ऐन वेळी विसरलो तर? सरांनी ते बाद केलं. दुसरं दिसायला राजबिंडं. त्यानं आधी पिनकोड विचारला. सरांनी मोठ्या अभिमानानं ४०२३०१ टाकला, तर म्हणे असं गावच नाही! "भूगोल शिकवला मी तीस वर्षं," सर उखडले, "आणि हा मला शिकवतोय!" तिसरं अगदी साधं. सुरू कधी, बंद कधी, एवढंच विचारायचं. शाळेच्या वेळापत्रकासारखं. सरांचं मन त्याच्यावर बसलं.

बुधवारी दुपारी एक ते दीड. वेळ भरली, कॉम्प्युटरचं घड्याळ भिंतीवरच्याशी मिनिटाला मिनिट जुळवलं आणि सर बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसले. कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. बायकोचा आवाज कापरा झाला तेव्हा सरांनीही डोळे पुसले. मग आत जाऊन बघतात तो काय, आधी पंधरा मिनिटं बामाच्या जाहिराती आणि कुणाचं तरी भविष्य. मग विनोदिनीबाई आल्या, हसल्या, तव्यावर पीठ ओतलं, आणि संपलं.

सरांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्यांना वजाबाकी येत होती, कॉम्प्युटरला कुणी शिकवली होती? वाहिनीला फोन केला, तर पुन्हा दाखवणार नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीच अर्धी सीडी घेऊन सर वरंधला गेले. पडवीतच बायकोला सगळं सांगितलं. बाई खांबाला टेकल्या. "शेवटचंच गेलं? मग उरलं काय त्यात!" सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आतून म्हातारीची हाक आली, "मास्तर, लावा की, बघू दे बाय माझी टीव्हीत!"

लावली. आनंदीबाई उशीवरून मान उंचावून बघत राहिली. "साडी बरी हाय. पीठ पातळ झालं गो." तव्यावर पीठ पसरलं आणि पडदा काळा झाला. "आं? पुढं काय झालं?"

सर बायकोकडे बघत राहिले. पाठ होतं त्यांना सगळं, पण ते त्यांनी सांगायचं नव्हतं.

"पुढे मी सांगितलं," बाई खाली बघत म्हणाल्या, "की हे घावन मी बाबांसाठी करत होते, त्या दिवशी. शेवटचा घावन निघेना तव्यावरून. डबा भरून स्टँडवर पोचते, तर गाडी सुटली. आई, मला माफ कर."

आनंदीबाईनं काळ्या पडद्यावरची नजर लेकीकडे वळवली.

"तुझा बाप सारखा इचारत होता गो," ती म्हणाली. "विनी काय आणतेय, विनी काय आणतेय. मी म्हटलं, घावनच आणील. त्यावर हसला. मग डोळं मिटलं." तिनं लेकीचा हात चाचपून धरला. "मला रागात सुचलं नाय, बाय. आणि मग सांगायला तोंड नाय राहिलं."

दोघी रडल्या. सर दाराशी उभे राहून मनगटावरचं घड्याळ पंधरा मिनिटं मागं फिरवत होते, आणि काटा काही नीट दिसत नव्हता.

पदरानं नाक पुसून म्हातारीनं चुलीकडे बोट केलं.

"ऊठ आता. तवा ठेव. तो टीव्हीतला अर्धवट राहिलाय."