हातात आलेला गिअर

"घेऊन जा एकदाची, माझी जागा तरी मोकळी होईल," छापखान्याचा मालक म्हणाला. त्याचं वाक्य संपायच्या आत ताईने मोटरसायकलवरचे कागदाचे गठ्ठे उतरवायला सुरुवातसुद्धा केली होती.

ती तिथे गेली होती टपाल कार्यालयाचे छापील लिफाफे आणायला. मागच्या पडवीत गठ्ठ्यांच्या ढिगातून एक हँडल बाहेर आलेलं दिसलं आणि बाई लिफाफे विसरल्या. टाकी गंजलेली, सीटमधला काथ्या बाहेर, चाकं बसलेली. पण इंजिन जागेवर होतं आणि त्याचा एकही बोल्ट कुणी पळवला नव्हता.

ताईने कितीतरी वर्षं मोटरसायकलवरून टपाल वाटलं होतं. चिखलात, वाळूत, कुत्री मागे लागलेली असताना, पण गाडीवरून ती एकदाही पडली नाही. पडली ती घराच्या जिन्यावरून, हातात चहाचा कप असताना. डाव्या पायाचा घोटा मोडला. हाड जुळलं, पण घोटा जो ताठ झाला तो कायमचाच. उभं राहता येई, चालता येई, फक्त पाऊल वरखाली होत नसे. आणि गिअर तर त्याच पावलाने टाकायचा! तेव्हापासून ती टेबलाशी बसून पत्रं लावत होती, आणि रस्त्यावरून गाडी गेली की कुठल्या गिअरमध्ये गेली ते मनातल्या मनात ओळखत होती.

टेम्पोतून ते धूड घरी उतरलं तेव्हा दादाने कपाळाला हात लावला. दादा तिचा थोरला भाऊ. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि स्वभाव फार काळजीचा.

"चिमणे, तुला चालवता येणार नाही ना गं ही? मग कशाला?"

"तुझ्या बायकोला विचार," ताई म्हणाली.

वहिनी तोवर गाडीपाशी उकिडवी बसली होती. कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करणं हे तिचं काम. बंद पडलेलं यंत्र दिसलं की तिच्या बोटांना खाज सुटे. तिने उठून पायाने किक दाबून पाहिली. किक दगडासारखी घट्ट.

"पिस्टन अडकलाय," ती म्हणाली, आणि हसली. "ताई, तुम्ही रजा कधी घेताय?"

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची जागा होती. दोऱ्या वर सरकवल्या आणि गाडी तिथे उभी राहिली. प्लग काढून वहिनीने त्या भोकातून डिझेल आणि तेल ओतलं. रोज संध्याकाळी कामावरून आल्या की दोघी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवायच्या. चाक ढिम्म! पुन्हा तेल, पुन्हा वाट. दादा खिडकीतून बघायचा आणि "जेवायला वाढू का?" एवढंच विचारायचा.

एका संध्याकाळी चाक किंचित सरकलं. इतकं किंचित, की दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही हललात की ते हललं?"

"मी नाही हलले! परत लाव जोर!"

आतून कर्रर आवाज आला आणि पिस्टन सुटला. दोघींनी अशी आरोळी ठोकली, की दादा अंगाला साबण लागलेला असताना पंचा गुंडाळून धावत आला. कुणाला काही झालं नाही हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यानेही एकदा चाक फिरवून पाहिलं. मग आणखी एकदा. साबण डोळ्यांत गेला तेव्हा कुठे थांबला.

त्या दिवसापासून तोही गळाला लागला. टाकीतला गंज काढायला आत मूठभर नट टाकले, टाकी जुन्या रजईत गुंडाळली आणि तिघांनी आळीपाळीने ती खुळखुळवली. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्यांनी दादाने कार्बोरेटरचे सुटे भाग असे लखलखीत केले, की वहिनी म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघराकडे असं कधी बघितलं नाहीत!" सीट ताईने शिवली. रंग कोणता द्यायचा यावर मात्र घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी पिवळा ठरला.

गाडी सुरू झाली त्या सकाळी ताईने उजव्या पायाने किक मारली. एकदा, दोनदा, मग कितीदा कोण जाणे. मध्येच फट्‌ करून बार उडाला, धुराचा लोट उठला आणि इंजिन धडधडू लागलं. वर दादाचे पांढरे शर्ट वाळत होते. ते काळे झाले, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो टाळ्या वाजवत होता.

खरा पेच पुढेच होता. वहिनीने भंगारात निघालेल्या शिवणयंत्राच्या दांड्या आणल्या, त्यांचे सांधे जुळवले आणि गिअरपासून टाकीच्या डाव्या बाजूपर्यंत एक उभी दांडी उभारली. आता गिअर पायाऐवजी हाताने! ताई ऐटीत बसली. डाव्या हाताने क्लच दाबला, उजवा हात रेसवर, आणि...

"आणि गिअर कोण टाकणार?" ती म्हणाली. "मला तीन हात हवेत."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. क्लच पायाकडे न्यावा, तर उजव्या पायाला ब्रेक आणि डावा तर कामाचाच नाही. आठवडाभर तिने कागदावर रेघोट्या ओढल्या. जेवतानासुद्धा ती हवेत हात हलवायची आणि दादा तिच्यासमोरची वाटी बाजूला सरकवायचा.

मग एका दुपारी दादाने ताईला आपल्या मोटारीतून दुकानापर्यंत नेलं. चढावर गाडी लावून त्याने दोन सीटांमधला हँडब्रेक ओढला.

"थांब!" ताई ओरडली. "परत सोड तो ब्रेक!"

"अगं, चढ आहे, गाडी मागे जाईल!"

"जाऊ दे! सोड म्हणते ना!"

दादाने पायाने ब्रेक धरून ठेवला, दांडीच्या टोकावरचं बटण अंगठ्याने दाबलं आणि दांडी खाली केली. ताईने ते पुन्हा करायला लावलं. आणि पुन्हा. बटण दाबायचं आणि दांडी हलवायची, एकाच हाताने! दुकानाच्या दारातलं गिऱ्हाईक हा काय प्रकार आहे ते बघत उभं होतं. ताईने तिथूनच कारखान्यात फोन लावला.

"वहिनी, क्लच दांडीवर! गिअरच्या दांडीच्या टोकावर बसव! मूठ आवळली की क्लच, तशीच ढकलली की गिअर!"

पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. तिच्यावर आवाज चढवून वहिनी म्हणाली, "ताई, मी आज लवकर निघते."

रविवारी सकाळी कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. दादाने ताईच्या हेल्मेटचा पट्टा तीनदा ओढून पाहिला. तिने डाव्या हाताने मूठ आवळली, दांडी पुढे ढकलली. खट्‌! मूठ हळूच सोडली आणि पिवळी गाडी निघाली. थोडी लटपटली, मग सरळ झाली. खट्‌, दुसरा गिअर. खट्‌, तिसरा. ताईच्या घशातून असा काही आवाज निघाला, की झाडावरची पाखरं उडाली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिने मैदानाला फेऱ्या मारल्या आणि मग कुणाला काही न सांगता फाटकातून सरळ रस्त्यावर गेली.

"अहो, गेली ती!" वहिनी किंचाळली.

"मी गाडी काढतो," दादा किल्ल्या शोधू लागला. किल्ल्या त्याच्या हातातच होत्या.

"थांबा. ऐका ना, चौथा पडला. काय सुरेख पडला!"

आवाज विरत गेला आणि दोघं फाटकाशी माना लांब करून उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो पुन्हा उमटला. ताई आली, नीट थांबली, हेल्मेटची काच वर केली. काच धुळीने माखलेली आणि डोळे नुसते चमकत होते.

"दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना जरा अडकतंय," ती म्हणाली.

वहिनीने खिशातून पाना काढलाच होता. एक नट पाव फेरा आवळला, दांडी हलवून पाहिली. ताईने आपल्या मागच्या सीटवर थाप मारली.

"बस."

"मी? मी नुसती दुरुस्त करते हो. मला भीती वाटते!"

"वहिनी, बस म्हणते ना!"

दादाने आपल्या बायकोच्या डोक्यावर बरोबर आणलेलं दुसरं हेल्मेट चढवलं आणि पट्टा आवळला. वहिनीने ताईच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली, डोळे मिटले, आणि गाडी सुटली. वळणापलीकडून दादाला आधी तिची किंकाळी ऐकू आली आणि मग तिचाच आवाज, ठणठणीत: "ताई, अजून जोरात!"