जलेबिया आणि पर्पलियाची सरहद्द

जगाच्या नकाशावर हे दोन देश शोधून सापडायचे नाहीत. एकाचं नाव जलेबिया, दुसऱ्याचं पर्पलिया. जलेबिया परदेशातल्या एका शहरात, हॅरिस पार्क नावाच्या उपनगरात, मिठाईच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर. सकाळी खाली कढई तापली की वर अख्ख्या देशाला पाकाचा वास. पर्पलिया त्याच शहरात, पेंडल हिलला. तिथल्या खिडकीशी जॅकरांडाचं झाड, आणि दिवाळीच्या सुमाराला ते असं काही फुलतं की खाली उभ्या पांढऱ्या गाड्यासुद्धा जांभळ्या होतात. दोन्ही देशांना मिळून प्रजा एकच, राणीही तीच आणि पोलीसही तीच. उर्वी, वय वर्षं सात.

जलेबियात तिचा बाबा राहायचा, उल्हास. पर्पलियात आई, लीना. पूर्वी तिघं एकाच घरात होती. मग ती दोघं भांडली, भांडून भांडून दमली, आणि दमल्यावर गुपचूप वेगळी झाली. आता उर्वी एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. दर रविवारी संध्याकाळी पॅरामॅटा स्टेशनवर एक हात तिला सोडायचा, दुसरा धरायचा. मधल्या दोन पावलांत ती कोणाचीच नसायची.

उल्हास पॅरामॅटात एका सरकारी खात्याच्या आयटीत होता. कोणाला कुठली फाइल उघडू द्यायची आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा पगार घ्यायचा. घराच्या बाबतीतही त्याने तेच केलं. पिवळ्या रेनकोटावरून वाद झाला होता. रेनकोट जलेबियात राहिला आणि पर्पलियात पाऊस पडला, पोर भिजली, लीना तरातरा जिने चढून आली, स्वयंपाकघरातल्या पसाऱ्याकडे बघून नको ते बोलली, आणि तोही नको ते बोलला. त्या रात्री त्याने मेसेज केला: यापुढे तिकडची वस्तू तिकडे, इकडची इकडे. कपडे, खेळणी, डबे सगळं डबल घेऊ. आणि प्लीज, वर यायचं नाही. लीनाचं उत्तर आलं, ‘नो वरीज.’ वरी तर दोघांनाही पोटभर होती.

तेव्हापासून उर्वीचे दोन टूथब्रश, दोन युनिफॉर्म, दोन टेडी. दोन्ही टेडींची नावं मात्र तिने एकच ठेवली होती.

गेली दिवाळी ती आईबरोबर वेंगुर्ल्याला होती. वेगळं झाल्यावरची इथली दिवाळी ही पहिलीच, आणि ती जलेबियाच्या आठवड्यात आली. पहिल्या आंघोळीच्या आदल्या संध्याकाळी उल्हास उत्साहात होता. उटणं आणलं होतं, चंदनाचा साबण आणला होता, आणि पणत्या बाल्कनीत मांडल्या होत्या, कारण आत लावल्या की स्मोक अलार्म बोंबलतो. उद्याचा डबा भरू म्हणून त्याने उर्वीचं दप्तर उघडलं, तर आतून मुंग्यांची मिरवणूक निघाली.

मुंग्या पेन्सिलींच्या पाऊचमधून येत होत्या. पाऊचमध्ये टिश्यूत गुंडाळलेली एक करंजी होती. कडेची मुरड बारीक, नागमोडी, शेवटी चिमटा काढलेला. असा चिमटा काढणारी बोटं या शहरात फक्त लीनाची होती.

“उर्वी.”

ती दारात आली. पाऊच बघितलं, आणि तिचा चेहरा असा पडला जसा विमानतळावर बॅग बाजूला काढलेल्या माणसाचा पडतो.

“आय फॉरगॉट टू डिक्लेअर,” ती म्हणाली. मग अगदी हळू, “फाइन किती आहे, बाबा?”

उल्हासला आधी हसू आलं, मग आलं नाही. तो तिथेच जमिनीवर बसला. “कसला फाइन गं? कोणी सांगितलं तुला?”

“तूच. तिकडचं तिकडे, इकडचं इकडे. पण मला रात्री आठवण येते ना, मग मी थोडंसं आणते. फक्त वास घ्यायला. खात नाही. कधीकधी खाते.” ती नाक पुसत म्हणाली, “अँड आय टेक जलेबी टू आई. इन माय सॉक.”

“मोज्यात?”

“क्लीन सॉक!”

“आई खाते?”

“वास घेते. मग म्हणते, शी, मोज्याचा वास येतोय. मग खाते.”

आता मात्र उल्हासला हसावं लागलं. पण उर्वी हसली नाही. तिने गळ्यात त्याच्या ऑफिसची जुनी निळी दोरी घातली होती, कार्डाच्या जागी पुठ्ठा. दारातल्या पायपुसण्यावर मांडी ठोकून ती म्हणाली, “मी उद्या आंघोळच करणार नाही.”

“अगं, उद्या पहिली आंघोळ!”

“तेल आई लावते. कानाच्या मागे, असं अंगठ्याने. तुला ते येत नाही, तू शॅम्पूसारखं चोळतोस. आणि उटणं तू लावतोस, आईचं टोचतं. मला दोन्ही पाहिजे. एकाच दिवशी. नाहीतर मी बॉर्डरवर बसणार, जलेबियात नाही, पर्पलियात पण नाही.” मग तिने राणीच्या आवाजात हुकूम काढला, “ओपन बॉर्डर. नाहीतर नो दिवाळी.”

एरवी अर्ध्या तासात विसरणारी पोर, पण जेवायला उठली नाही. वरणभात पायपुसण्यावरच जेवली आणि तिथेच कलंडली. उल्हासने तिला उचलून गादीवर ठेवलं. मुठीत पुठ्ठा तसाच. त्याच्या ओठांवर आपसूक आलं, त्याची आई या पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची ते:

लेक माझी गं लाडकी, दोन आळींची पाहुणी
इथं टाकते पाऊल, तिथं वाजते पैंजणी

त्याची आई उर्वीच्या वेळी लीनाच्या बाळंतपणाला साताऱ्याहून आली होती. निघण्याआधी त्याने फोनवर घोकून घेतलं होतं, “आई, एअरपोर्टवर खाण्याचं काय आणलंय विचारलं तरी नो म्हणायचं. नो, नो, नो. नाहीतर दंड करतात.” इथे आलेला प्रत्येक मुलगा आपल्या आईला हेच सांगतो की काय कोण जाणे. तर ही बाई काउंटरवर गेली, नुसता माणूस समोर बघितला आणि सगळी पिशवीच उपडी केली. मेतकूट घ्या, काळा मसाला घ्या, सुंठ घ्या, बाळंतिणीच्या विड्याला आणलेली नागवेलीची पानं घ्या. ताजी फळं-पानं या देशात आणू देत नाहीत म्हणून साहेबाने पानं तेवढी काढून ठेवली, बाकीचं परत भरायला मदत केली, आणि वर थँक यू म्हणाला. बाहेर उल्हास घामाघूम. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “अरे, दाखवलं तर सोडतात की. तू उगाच भ्यायलास.”

गादीजवळ बसून उल्हासने करंजीवरच्या मुंग्या झटकल्या आणि एक तुकडा तोंडात टाकला. सारणात जायफळ जरा जास्त. लीनाला नेहमीच जास्त लागायचं. यावरूनही ते भांडले होते, आठवलं.

अजून फार उशीर झाला नव्हता. त्याने फोन लावला.

“काय झालं? ताप आलाय का तिला?” लीनाचा पहिला प्रश्न.

“ताप नाही. संप आहे.” त्याने सगळं सांगितलं. मुंग्या, पाऊच, मोजा, पायपुसणं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

“लीना?”

“मोज्याचं सांगितलं तिने?”

“सांगितलं.”

“बावळट आहे.” आवाज ओला होता. “बरं मग? माझ्याकडून काय हवंय?”

“उद्या सकाळी ये. तेल लावायला.”

“कुठे येऊ? स्टेशनवर लावू तेल?”

“वर ये. घरी.”

“वर यायचं नाही म्हणून कोणी लिहिलं होतं रे? प्लीज लावून?”

“मीच. पॉलिसी बदलली.”

“कोणी बदलली?”

“सरकारने. सात वर्षांचं सरकार आहे, झोपलंय आत्ता.”

ती हसली नाही. “उल्हास, मी आले आणि पुन्हा काही बोलले तर? तुझं ते स्वयंपाकघर बघून मला बोलल्याशिवाय राहवत नाही. तिच्यासमोर, दिवाळीच्या दिवशी. त्यापेक्षा नकोच.”

“मी भांडी घासून ठेवतो.”

“तुझी घासलेली भांडी मला माहीत आहेत.” मग म्हणाली, “बघते.”

‘बघते’ म्हणजे लीनाच्या बोलीत नाही असंही असायचं, हो असंही. इतक्या वर्षांत त्याला ते ओळखता आलं नव्हतं. त्याने भांडी घासली, आणि मग पुन्हा एकदा घासली.

पहाटे उजाडता उजाडता उर्वी उठली, आणि न बोलता जाऊन पायपुसण्यावर बसली. बाबाने तिला काही सांगितलं नाही. आई नाही आली तर? वाटीत तेल कोमट केलं, गार झालं, परत कोमट केलं. खाली शटर वर गेल्याचा आवाज आला, कढई तापली, पाकाचा वास जिने चढू लागला. एक ट्रेन धडधडत गेली. मग दुसरी गेली.

जिन्यावर चपला वाजल्या. पहिल्या मजल्यावर थांबल्या. उल्हास वाटी घेऊन दाराशी आला. पुन्हा वाजल्या.

लीना वळणावर दिसली. सुती साडी, केसात दोन-तीन जांभळी फुलं अडकलेली, माळलेली नव्हे, झाडाखालून येताना पडलेली. हातात पिशवी. उर्वी ताडकन उभी राहिली. पळत सुटणार तेवढ्यात तिला आपलं पद आठवलं आणि तिने दोन्ही हात पसरून दार अडवलं.

“एनिथिंग टू डिक्लेअर?”

लीनाने उल्हासकडे बघितलं. तो म्हणाला, “सगळं दाखव. दाखवलं की सोडतात.”

ती जिन्यातच उकिडवी बसली आणि पिशवीतून एकेक काढू लागली. “करंज्या. चकल्या, जरा मऊ पडल्यात. तेल, माझ्या आईने पाठवलेलं. पिवळा रेनकोट, दुसरा, तो आता इथेच राहू दे. आणि हे.”

हे म्हणजे एक छोटं, काटेरी, हिरवंगार कारलं.

“फ्रूट!” उर्वी दचकली. “फ्रूट नॉट अलाउड!”

“अगं, आपल्या वेंगुर्ल्याला कारीट फोडतात ना पायाने, मागच्या वर्षी तू फोडलंस? कडूजहर, एवढंसं फळ. ते इथे कुठे मिळणार? म्हणून कारलं. पेंडल हिलच्या दुकानातलं सगळ्यात कडू द्या म्हटलं.”

उर्वी विचारात पडली. मोठा कठीण प्रसंग होता, राज्य चालवणाऱ्याचा कस लावणारा. शेवटी ती म्हणाली, “डिक्लेअर केलंय, सो ओके. पण कडू आत नाही न्यायचं. इथेच फोडायचं. ऑन द बॉर्डर.”

“आंघोळीनंतर फोडतात, राणीसाहेब.”

“मग ते इथे वेट करेल. तू ये.”

कारलं उंबऱ्यावर ठेवलं आणि लीना आत आली. स्वयंपाकघराकडे तिची नजर गेली. ओट्यावर एक कढई चकाकत होती आणि तिच्या कडेला कालचं वरण वाळलेलं होतं. लीनाचे ओठ उघडले. उल्हासला दिसलं. तिने ते मिटले, मग म्हणाली, “उल्हास, मीपण डिक्लेअर करते. ती कढई मला बोचतेय.”

“नोंद घेतली,” तो म्हणाला. “पुढे.”

पाट नव्हता, म्हणून बाथरूमच्या दाराशी योगा मॅट घडी करून टाकली. लीनाचा अंगठा उर्वीच्या कानामागून फिरला, आणि त्या पोरीचे डोळे असे मिटले की उल्हास उटण्याची वाटी धरून नुसताच उभा राहिला. मग त्याची पाळी आली. टोचलं नाही. ओवाळताना निरांजन बाल्कनीत न्यावं लागलं, तिथे वारा, तर दोघांनी मिळून तळव्यांचा आडोसा केला. हात हाताला लागले. कोणी काढून घेतले नाहीत, कोणी धरलेही नाहीत.

मग तिघं उंबऱ्याशी. उर्वीच्या डाव्या पायाचा ओला अंगठा, त्यावर आईचा पाय, त्यावर बाबाचा. “गोविंदा, गोविंदा!” म्हणून जोर लावला, तर ते कारलं फुटेना. निसटलं, आणि टुणटुण करत जिना उतरू लागलं.

“पकडा! पकडा त्याला!” उर्वी अनवाणी, ओल्या केसांनी मागे धावली. तिच्यामागे साडी सावरत लीना, “अगं पडशील, सावकाश!” आणि तिच्यामागे उल्हास.

खाली, जिलबीच्या कढईशेजारी, कारलं एकदाचं फुटलं. वर जलेबियाचं दार सताड उघडं होतं, आणि ते लावायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं.